मुलाखतीत आपणही विचारावे!

शेतकरी बंधूंनो, एमआयडीसीत मुलाखतीला निघालेल्या पोराला आपण बजावतो, ‘विचारतील तेवढंच बोल.’ इथेच गफलत होते. बैल घेताना आपण दात बघतो, मग नोकरी धरताना गप्प का?

पहिला सवाल: नेमणूक कंपनीच्या रोलवर, की ठेकेदाराच्या? गेट तेच असते, पगार देणारा निराळा. ठेकेदार असेल तर त्याचे नाव-पत्ता तिथेच लिहून घ्यावा.

दुसरा सवाल कपातीचा, आणि खरी मेख इथे आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी साधारणपणे मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० असतील, तर १२ टक्क्यांनी कामगाराचे १,८०० कापले जातात. मालकाने आणखी १,८०० आपल्या खिशातून घालायचे. काही ठेकेदार हे दुसरे १,८००सुद्धा पोराच्याच पगारातून वळते करतात. ते कायद्यात बसत नाही! म्हणून ‘हातात किती पडतील?’ हे स्पष्ट विचारावे. १२ आकडी यूएएन नंबर कधी मिळेल, तेही विचारावे. भरणा झाला की नाही ते मोबाईलवर कळते.

अनामत मागितली तर सरळ उठून यावे. सरपंच मंडळींनो, गावात भरतीला येणाऱ्या एजंटालाही हेच सवाल ग्रामपंचायतीत बसवून विचारा, अन् उत्तरे सहीनिशी लिहून घ्या.