खरवड आणि कायदा

१९०६ हे साल परळच्या इतिहासात एका कारणाने आणि इंग्लंडच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने नोंदले गेले आहे. परंतु ती दोन कारणे शेजारी ठेवून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबर रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीने, सर नारायणराव चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली, ज्या मुलांना अस्पृश्य म्हणून इतर शाळांची दारे बंद होती त्यांच्यासाठी परळात आपली पहिली शाळा उघडली. त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गरजू शाळकरी मुलांना जेवण पुरविण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा संमत केला. बोअर युद्धाच्या भरतीस आलेल्या गरीब तरुणांची खंगलेली शरीरे पाहून राज्यकर्ते हबकले होते, हे त्यामागील एक कारण. केवळ भूतदया नव्हे. इंग्लंडात शिक्षणाची सक्ती १८८० साली झाली होती. म्हणजे मुलाला बाकावर आणून बसविल्यापासून त्याच्या पोटाची दखल घेईपर्यंत त्या देशाला सव्वीस वर्षे लागली.

आता आपला हिशेब. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक १९१२ च्या मार्च महिन्यात तेरा विरुद्ध अडतीस मतांनी बारगळले, आणि मुंबईत सक्तीचा अंमल १९२५ साली सुरू झाला तो एफ आणि जी या विभागांत, म्हणजे परळ, लालबाग, दादर या गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीत. सक्ती आली, तिच्याबरोबर नोटीस आली. जेवण आले नाही. ते केंद्र सरकारची योजना म्हणून आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही कोरडे: ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ. ही पिशवी घरी जाई आणि सबंध कुटुंबात वाटली जाई. ताटात शिजलेलेच अन्न वाढा, त्यात किमान तीनशे कॅलरी असू द्या आणि वर्षातून निदान दोनशे दिवस वाढा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी द्यावा लागला. १९२५ पासून मोजले तर ही शहात्तर वर्षे होतात.

दरम्यान दक्षिणेत, आजच्या तमिळनाडूत, मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ साली शाळेतील जेवणाचा विस्तार केला आणि १९८२ च्या जुलैत एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला राज्यव्यापी स्वरूप दिले. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीपासून गिरणगावात अडीच लाख कामगार संपावर होते, ही गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही.

मग या मधल्या काळात गिरणगावाला जेवू कोणी घातले? कामगारांना तरी खानावळवाल्यांनी. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या, संपकाळात महिनेच्या महिने उधारीवर वाढणाऱ्या, आणि ती उधारी भागविण्यासाठी गळ्यातील डोरले सावकाराकडे ठेवणाऱ्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केले आणि पहिल्या चौदाजणींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. आज महानगरपालिकेच्या शाळांतील खिचडीचा बराच भार महिला बचत गटांवर आहे. हे काम मूळचे कोणाचे, हे सरकारदप्तरापेक्षा चाळीला आधी कळले होते.

लालबागजवळच्या एका शाळेत दुपारच्या सुट्टीत मी उभा होतो. टेम्पोतून पातेली उतरली. नियमाप्रमाणे बाईंनी आधी एक घास चाखला, चव रजिस्टरात सही केली आणि मग रांग सरकू लागली. तिसरीतला एक मुलगा डबा पुढे करून म्हणाला, ‘‘मावशी, खरवड हाय काय?’’ वाढणारी हसली. ‘‘खरवड तिकडंच रवली रे बाळा, मोठ्या टोपात.’’ कोकणातील घराघरात ज्या खरपूस थरासाठी भावंडांत भांडणे लागतात तो मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या कढईतून शाळेपर्यंत पोचत नाही. परिपत्रकाला ग्रॅम ठाऊक असतात, खरवड नव्हे. ग्रॅम असे: पाचवीपर्यंत शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, मिळून साडेचारशे कॅलरी. धान्य वगळून बाकीच्या सामग्रीस मे २०२५ पासूनचा दर प्रतिमुलास ६ रुपये ७८ पैसे आहे, ज्यात दादर स्टेशनाबाहेर अर्धा वडापावही येत नाही. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्याला एक अंडे मंजूर केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबविला.

पाटी-पुस्तकांची कथा त्या मानाने बरी. महानगरपालिका आपल्या विद्यार्थ्यांना गणवेश, बूट, वह्या, दप्तर अशा सत्तावीस वस्तू फुकट देते. त्या उशिरा मिळतात ही ओरड मात्र दर पावसाळ्याची. लोकांनीही हात आखडता घेतलेला नाही: लालबागच्या राजाचे १९३४ साली स्थापन झालेले मंडळ साने गुरुजींच्या नावाने अभ्यासिका आणि गरजूंसाठी पुस्तकपेढी चालविते, आणि जुन्या मराठी शाळांतील ‘पुअर बॉईज फंडा’तून फी भरली गेलेले कित्येक गृहस्थ आज ते नाव काढले की विषय बदलतात.

माझी खरी तक्रार खिचडीच्या दराविषयीही नाही. ती आठवीच्या रेघेविषयी आहे. केंद्राच्या योजनेतील जेवण आठवीला संपते. दिवसभर कुरियरची पाकिटे वाटून किंवा हॉटेलात कपबश्या विसळून साडेसहाच्या ठोक्याला रात्रशाळेत शिरणारा नववी-दहावीचा मुलगा त्या रेघेपलीकडचा. अनेक रात्रशाळा महानगरपालिकेच्याच इमारतींत भरतात. म्हणजे दुपारी ज्या बाकावर कायद्याने खिचडी वाढली जाते त्याच बाकावर संध्याकाळी कायद्याने काही वाढले जात नाही. २००८ साली निकिता केतकर यांनी सुरू केलेल्या ‘मासूम’ने रात्रशाळांतून खाऊ आणि पुस्तके देण्यास आरंभ केला, तो ही उणीव ओळखूनच.

वाचकहो, दिवाळीचा फराळ कोणाकडे पाठवावा असा प्रश्न पडल्यास आपल्या वॉर्डात रात्रशाळा कोठे भरते याची चौकशी करावी. सुट्टीनंतर ती पुन्हा उघडेल. दार संध्याकाळी साडेसहाला उघडते, आणि मुले कामावरून थेट येतात.