उत्पादनविकासातला वेळ जातो कुठे?

एखाद्या वस्तूची कल्पना पुढे आल्यापासून तिचे नियमित उत्पादन सुरू होईपर्यंतच्या सर्व कामाला उत्पादनविकास म्हणतात आणि त्यात संकल्पना, तपशीलवार आराखडा, नमुना, चाचण्या, साचे व डाय, पुरवठादारांची निवड असे अनेक टप्पे येतात. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक टप्पा स्वतंत्र विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे एकाने काम हातावेगळे केल्याखेरीज दुसऱ्याचे सुरूच होत नाही. परिणामी, प्रत्येक जण आपापल्या जागी कसून काम करत असला, तरी दोन विभागांच्या सीमेवर काम अडून राहते आणि उशिरा ध्यानात आलेली चूक ते उलट मागे आणते.

मोटारीच्या दाराचा पत्रा घेतला, तर हे स्पष्ट होते. आराखड्यात जिथे फार तीव्र वळण दिलेले असते, तिथे प्रेसखाली ओढला जाताना पत्रा फाटतो किंवा त्यावर सुरकुत्या पडतात, आणि ही शक्यता प्रेस शॉपमधील अनुभवी माणसाला ड्रॉइंग पाहूनच पुष्कळदा कळते. मात्र ते ड्रॉइंग डाय तयार झाल्यावर त्याच्या हाती पडले, तर पोलादी डायवर वेल्डिंगने भर घालून ती पुन्हा मशीनवर चढवावी लागते आणि संगणकावर काही तासांत उरकला असता तो बदल कित्येक दिवस खातो.

हा उशीर टाळण्यासाठी आराखडा, उत्पादनपद्धती आणि खरेदी यांचा विचार एकाच चमूने एकाच वेळी करण्याच्या पद्धतीला समवर्ती अभियांत्रिकी म्हणतात. महिंद्रा अँड महिंद्राने स्कॉर्पिओच्या विकासात ती ‘इंटिग्रेटेड डिझाइन अँड मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने राबवली. जनरल मोटर्समधून 1993 मध्ये कंपनीत आलेले पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 120 जणांचा चमू उभा राहिला आणि निरनिराळ्या विभागांतील माणसे एकत्र आणून त्याचे 19 गट पाडण्यात आले. सुट्या भागांची ड्रॉइंग पुरवठादारांच्या हाती देण्याऐवजी संपूर्ण प्रणालीच त्यांच्याकडे सोपवण्यावर भर देण्यात आला, जेणेकरून त्यांचे कौशल्य आराखड्याच्या टप्प्यावरच कामी यावे. जून 2002 मध्ये बाजारात आलेल्या आणि नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या वाहनाचा विकासखर्च 600 कोटी रुपयांच्या आसपास होता व जागतिक मोटार उद्योगाच्या मानाने तो फारच कमी होता.

या पद्धतीची स्वतःची पथ्येही आहेत. सर्वांची कामे समांतर चालत असल्यामुळे प्रत्येकाला अपुऱ्या माहितीवर पुढे जावे लागते. म्हणून कोणती मापे कोणत्या तारखेनंतर बदलायची नाहीत, हे आधी ठरवून काटेकोरपणे पाळावे लागते, अन्यथा एका गटाचा बदल इतर सर्व गटांचे काम वाया घालवतो. शिवाय मतभेद आणि दुरुस्त्या आरंभीच उरकल्या जात असल्याने पहिल्या काही महिन्यांत दाखवण्याजोगे फारसे काही हाती येत नाही. या काळात घाईने डाय बनवायला टाकण्याचा मोह जे व्यवस्थापन आवरते, त्याचाच पुढचा वेळ आणि पैसा वाचतो.