दोनशे फेऱ्यांचा हिशेब

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो वेग. इंजिनांचा गडगडाट, उसळणारी धूळ आणि क्षणार्धात दृष्टीआड होणाऱ्या गाड्या यांचेच चित्र आपण मनाशी रंगवतो. परंतु वाचकहो, अमेरिकेच्या दक्षिण भागात मोठ्या आवडीने पाहिल्या जाणाऱ्या एका शर्यतीत वेगाइतकेच महत्त्व मोजणीला असते. ही शर्यत चालकाच्या हातात जितकी असे, तितकीच ती कडेला बसून कागदावर खुणा करणाऱ्याच्या पेन्सिलीतही असे. त्या पेन्सिलीचा हिशेब एकदा कसा चुकला, आणि तो पुरता करण्यास अठ्ठावन्न वर्षे कशी लागली, ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

दुकानातील गाडी, मातीची वाट

या शर्यतींना 'स्टॉक कार' शर्यती असे नाव आहे. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल. आरंभी या शर्यतींत धावणाऱ्या गाड्या खरोखरच दुकानातून आणलेल्या, सामान्य गृहस्थाच्या दारात उभ्या असणाऱ्या गाड्यांसारख्याच असत. प्रेक्षकाला त्यात विशेष गोडी वाटे ती यामुळेच. स्वतःच्या गाडीची जुळी बहीण त्याला मैदानावर धावताना दिसे. १९४७ च्या डिसेंबरात फ्लोरिडा राज्यातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स याच्या पुढाकाराने या खेळातील मंडळी एकत्र जमली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत 'नासकार' ही संस्था रीतसर स्थापन झाली. अशा अस्सल दुकानी गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. कालांतराने गाड्यांचे अंतरंग पार बदलले आणि दुकानाशी असलेले साम्य केवळ बाह्य रूपापुरते उरले. नाव मात्र तेच राहिले.

त्या काळी यांतील पुष्कळशा शर्यती अर्ध्या मैलाच्या लंबवर्तुळाकार मार्गावर होत. अर्धा मैल म्हणजे सुमारे आठशे मीटर. दोन बाजूंना दोन सरळ पट्टे, आणि त्यांना जोडणारी दोन अर्धगोल वळणे. एक मैलाहून कमी लांबीच्या अशा मार्गाला 'शॉर्ट ट्रॅक' म्हणतात. गाड्या सदैव डावीकडेच वळत राहतात. सगळी वळणे एकाच दिशेची, म्हणून गाडीही त्याच बेताने सिद्ध केली जाते. उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा किंचित मोठ्या घेराचे बसवतात. वर रुंद आणि खाली निमुळता असा पेला जमिनीवर आडवा लोटून पाहा. तो सरळ न जाता गोल फिरेल. तसेच या गाडीचे असते.

मार्ग मातीचा असेल तर चालकाची कसोटी अधिक बिकट होते. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर घसरू लागतो. नवखा चालक घाबरून ब्रेक दाबील. जाणता चालक पुढची चाके उजवीकडे वळवून, घसरण हातात ठेवून, तिच्याच जोरावर वळण पार करतो. शेकडो फेऱ्यांनी माती उखडते, खड्डे पडतात, आणि उत्तम गाड्यांचेही सांधे खिळखिळे होतात. म्हणून अशा मार्गावर सर्वांत वेगवान गाडीच जिंकेल असा नेम नसे. जिची निगा उत्तम राखली गेली आणि जी जपून चालवली गेली, अशी गाडीही बाजी मारून जाई.

पुढे कोण आहे?

शाळेच्या मैदानावरील धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण हे लहान मूलही सांगेल. जो दोरी प्रथम ओलांडतो, तो पहिला. लंबवर्तुळावर तसे नाही. ताशी साठ मैल वेगाने धावणारी गाडी अर्ध्या मैलाची फेरी तीस सेकंदांत पुरी करते. थोड्याच वेळात पुढच्या गाड्या मागच्यांना गाठतात आणि सर्वांची एकच माळ गरगरा फिरू लागते. या माळेत डोळ्यांना सर्वांत पुढे दिसणारी गाडी कदाचित चार फेऱ्यांनी मागे असेल, आणि मध्येच अडकलेली एखादी गाडी सर्वांच्या पुढे असेल. प्रेक्षकांचे डोळे येथे साक्ष देऊ शकत नाहीत. साक्ष देतो तो केवळ कागद.

तो कागद पूर्वी हाताने लिहिला जाई. प्रत्येक गाडीसाठी एक गणक बसे. आपली गाडी रेषेवरून गेली की समोरच्या घड्याळातील वेळ पाहून ती तो तक्त्यावर टिपून ठेवी. शर्यत संपल्यावर सर्वांचे तक्ते पडताळून निकाल पक्का होई. काम साधे दिसले तरी धुळीत, गोंगाटात, तास दोन तास दर अर्ध्या मिनिटाला एक खूण करणे सोपे नव्हे. त्यात प्रामाणिक चुकाही होत, आणि त्या सुधारल्याही जात.

याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २२ फेब्रुवारी १९५९ रोजी डेटोना येथील अडीच मैलांच्या नव्या मोठ्या मार्गावर पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. ली पेटी आणि जॉनी ब्यूशॅम्प यांच्या गाड्या जवळजवळ एकाच क्षणी रेषेवर पोचल्या. पंचांनी ब्यूशॅम्पला विजयी ठरवले. पुढे छायाचित्रे आणि चित्रपट्ट्या मागवून तपासण्यात आल्या आणि तिसऱ्या दिवशी निकाल फिरवून पेटीला विजय देण्यात आला. चूक शोधण्याची इच्छा असेल तर ती तीन दिवसांत सापडते, एवढे या प्रसंगावरून आपण ध्यानात ठेवावे.

डॅनव्हिलचा मेकॅनिक

आता आपल्या कथानायकाकडे वळू. वेंडेल स्कॉट याचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल गावी झाला. तो कृष्णवर्णीय होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात वाहने दुरुस्त करण्याचे काम केले. परत आल्यावर तो मोटारींची दुरुस्ती करू लागला, टॅक्सीही चालवी. आणि त्या भागातील अनेक धाडसी चालकांप्रमाणे रात्रीच्या वेळी हातभट्टीची दारू पोचवण्याचा बेकायदेशीर उद्योगही त्याने केला. एकदा तो पकडलाही गेला होता.

१९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतींच्या व्यवस्थापकांनी प्रेक्षक वाढावेत म्हणून एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवण्याचे ठरवले. गावात असा वेगवान चालक कोण, अशी त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली. ज्याच्या मागे आपल्या गाड्या नेहमी धावत, त्याचेच नाव पोलिसांनी सांगितले! अशा रीतीने स्कॉट मैदानात आला. तथापि नासकारच्या शर्यतींची दारे त्याला सहजासहजी उघडली नाहीत. एका ठिकाणी त्याला परत पाठवण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी, तुझी गाडी चालेल, पण ती एखादा गोरा चालवील, असे सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही. १९५३ मध्ये त्याला नासकारचा परवाना मिळाला आणि १९६१ मध्ये तो सर्वांत वरच्या श्रेणीच्या शर्यतींत दाखल झाला.

त्याच्यापाशी धनिक पाठीराखा नव्हता. इतरांनी वापरून टाकलेल्या गाड्या आणि सुटे भाग विकत घ्यावेत, स्वतःच्या हाताने दुरुस्त करावेत, आणि मुलांना मदतनीस म्हणून बरोबर घेऊन शर्यतीच्या गावी जावे, हा त्याचा क्रम होता. बड्या कंपन्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या पथकांपुढे हा संसार फारच तुटपुंजा होता. शिवाय तो काळ असा, की दक्षिणेतील कित्येक उपाहारगृहांत आणि वसतिगृहांत या कुटुंबाला प्रवेशही मिळत नसे. मैदानावर शिव्या आणि मुद्दाम दिलेल्या धडका यांचीही त्याला सवय करून घ्यावी लागली.

१ डिसेंबर १९६३

फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील स्पीडवे पार्क हा अर्ध्या मैलाचा मातीचा मार्ग होता. १ डिसेंबर १९६३ रोजी तेथे दोनशे फेऱ्यांची, म्हणजे शंभर मैलांची शर्यत होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला अवघे नऊ दिवस झाले होते. समान हक्कांसाठी वॉशिंग्टन येथे निघालेला प्रचंड मोर्चा त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. आणि वंशभेदाला बंदी करणारा कायदा व्हावयास अद्याप सात महिने अवकाश होता.

स्कॉट आपल्या चौतीस क्रमांकाच्या शेव्हरोले गाडीत होता. मार्ग उखडत गेला, तशा एकामागून एक गाड्या नादुरुस्त होऊ लागल्या. आघाडीवर असलेल्या रिचर्ड पेटीच्या गाडीतही बिघाड झाला, आणि सुमारे पंचवीस फेऱ्या उरल्या असता स्कॉटने त्याला मागे टाकले. त्यानंतर तो पुढेच राहिला. त्याने दोनशेवी फेरी पुरी केली. आता विजयाचा चौकटींचा ध्वज हलावयास हवा होता; पण तो हलला नाही. स्कॉट धावतच राहिला. अखेर ध्वज पडला तो बक बेकर या गोऱ्या चालकासाठी. बेकरला विजयी घोषित करण्यात आले, त्याचे अभिनंदन झाले आणि चषकही त्याला देण्यात आला.

स्कॉटला स्वतःच्या फेऱ्यांची खात्री होती. त्याने हरकत घेतली. काही तासांनी, प्रेक्षक आपापल्या घरी गेल्यावर, तक्ते तपासून अधिकाऱ्यांनी मान्य केले की खरा विजेता स्कॉटच होता. आणि तोही निसटता नव्हे, तर तब्बल दोन फेऱ्यांनी. म्हणजे बेकरसाठी ध्वज पडला तेव्हा स्कॉटच्या दोनशे दोन फेऱ्या झाल्या होत्या! मोजणीत चूक झाली, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. स्कॉटला ते पटले नाही. विजेत्याला एका गौरवर्णीय सुंदरीने चषक देऊन त्याचे चुंबन घेण्याचा तेथे प्रघात होता. तो प्रसंग टाळण्यासाठीच हे घडवले गेले, अशी त्याची अखेरपर्यंत समजूत होती.

बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली. परंतु टाळ्यांच्या गजरात चषक उंच धरण्याचा तो क्षण त्याला कोणीही परत देऊ शकले नाही. मूळ चषक त्याच्या हाती कधीच आला नाही.

चषक घरी आला

स्कॉट खचला नाही. तो पुढील दहा वर्षे धावत राहिला. १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणांत तो सहावा आला. १९७३ मध्ये टॅलाडेगा येथील भीषण अपघातात तो गंभीर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द जवळजवळ संपुष्टात आली. एकंदर ४९५ शर्यती, त्यांपैकी १४७ वेळा पहिल्या दहांत, आणि विजय एकच, तोही असा. २३ डिसेंबर १९९० रोजी त्याचे निधन झाले.

२०१५ मध्ये नासकारच्या सन्मान दालनात त्याला स्थान मिळाले. पुढे २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक त्याच्या कुटुंबीयांच्या हाती देण्यात आला. वडिलांच्या गाडीची चाके ज्यांनी लहानपणी बदलली, ती मुले आता केस पिकलेली माणसे झाली होती. त्यानंतर सहाच आठवड्यांत, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बबा वॉलेस हा कृष्णवर्णीय तरुण टॅलाडेगा येथे विजयी झाला. सर्वोच्च श्रेणीत स्कॉटनंतर असा विजय मिळवणारा तो पहिलाच. 

आज फेऱ्या पेन्सिलीने मोजल्या जात नाहीत. प्रत्येक गाडीत एक लहानसे संदेशयंत्र असते. गाडी रेषा ओलांडताच तिची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. यंत्राला रंग दिसत नाही, ही मोठी सोय खरीच. परंतु यंत्र बसवण्यापूर्वीही कागदावरील खुणा खऱ्याच होत्या, हे विसरून चालणार नाही. त्या दिवशीच्या तक्त्यांत स्कॉटच्या सर्व फेऱ्या होत्या. म्हणून तर काही तासांत सत्य बाहेर आले. उणीव होती ती लोकांसमक्ष ते सत्य सांगण्याच्या धैर्याची.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती केव्हा ना केव्हा अशी पेन्सिल येते. कोणी शाळेत गुण देतो, कोणी कामावरची हजेरी मांडतो, कोणी मते मोजतो, तर कोणी घरातच दोन मुलांच्या भांडणाचा निवाडा करतो. धावणारा आपले काम करून जातो. त्याच्या श्रमाचे माप मात्र आपल्या हाती असते. ते माप त्याच्या देखत, त्याच दिवशी आणि चारचौघांत देणे, एवढेच त्याचे आपल्याकडे मागणे असते.