संक्षेप आणि स्पष्टता

कचेरींतील लेखन थोडक्यांत असावें, असें सर्वच म्हणतात. आणि फापटपसार्‍यास कंटाळलेल्या माणसास तें पटतेंही. "सदरहू बाबतींत असेंही नमूद करणें अगत्याचें वाटतें कीं" एवढी प्रस्तावना झाल्यावर मूळ मजकूर अर्ध्या ओळीचाच निघाला, म्हणजे वाचणाराचा जीव मेटाकुटीस येतो. परंतु जें थोडकें तें स्पष्टच असतें, असें मात्र नव्हे.

१८५४ सालीं २५ ऑक्टोबर रोजीं क्रिमियांत बालाक्लाव्हा येथें इंग्रज आणि रशियन सैन्यांची गांठ पडली. इंग्रज सेनापति लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर होता. रशियनांनीं कांहीं ठाणीं काबीज केलीं होतीं, आणि तेथील इंग्रजी तोफा ते ओढून नेण्याच्या बेतांत आहेत असें त्यास दिसलें. घोडदळानें त्वरेनें पुढें जावें व शत्रूस तोफा नेऊं देऊं नयेत, असा हुकूम त्याच्या सांगण्यावरून जनरल एअरी ह्यानें पेन्सिलीनें एका चिठोर्‍यावर लिहिला. पाल्हाळाचा दोष ह्या हुकुमास कोणीही देणार नाहीं. फक्त तोफा कोणत्या, हें त्यांत नव्हतें.

रॅग्लनच्या तर त्या डोळ्यांसमोरच होत्या. घोडदळाचा मुख्य लॉर्ड ल्यूकन मात्र खालीं दरींत होता; मधल्या उंचवट्यामुळें त्यास त्या दिसत नव्हत्या. चिठ्ठी घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनला त्यानें विचारलें, कोणत्या तोफा? नोलननें दरीच्या दिशेनें हात करून, शत्रू तो, तोफा त्या, अशा अर्थाचें तिरसट उत्तर दिलें. दरीच्या टोकाशीं सुमारें सवा मैलावर रशियनांचा तोफखाना उभा होता. ल्यूकनच्या आज्ञेवरून लॉर्ड कार्डिगन सुमारें ६७० स्वारांनिशीं त्याच्यावर चालून गेला. समोरून आणि दोन्ही बाजूंनीं मारा झाला. शंभरांवर स्वार ठार झाले. नोलन तर अगदीं आरंभींच पडला.

दोष कोणाचा, ह्याविषयीं पुष्कळ वाद झाला. लेखनापुरतें पाहिलें तर लिहिणारानें आपल्या जागेवरून लिहिलें, आणि वाचणारा दुसर्‍याच जागीं उभा होता.

९ ऑगस्ट १९४० रोजीं, ऐन युद्धाच्या धामधुमींत, ब्रिटनचे मुख्य प्रधान चर्चिल ह्यांनीं आपल्या सहकार्‍यांस व सरकारी खात्यांस ह्याच विषयावर एक पानी टिपण धाडलें. अहवालांतील मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्यावे. आंकडेमोड व गुंतागुंतीचें विवेचन परिशिष्टांत घालावें. पुष्कळदां नुसते मथळे लिहून बाकीचें तोंडीं सांगावें. पोकळ शब्द गाळावे, आणि बोलण्यांतले शब्द वापरण्यास लाजूं नये. अशा शिस्तीनें विचारही स्पष्ट होतो, असें त्यांनीं म्हटलें होतें. ही नुसती काटछांट नव्हे. तपशील येथें नाहींसा होत नाहीं. तो परिशिष्टांत जातो व ज्यास हवा त्यास सांपडतो.

आज कचेरीचा संदेश यंत्रावरून क्षणांत हजार मैल जातो. "त्या कामाचें लवकर पाहावें" एवढेंच लिहिणाराच्या मनांत एक काम असतें. वाचणारापुढें तीन पडलेलीं असतात. कामाचें नांव, तें कोणी करावयाचें आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढें घातल्यास एका ओळीच्या फार तर दोन होतात. हाताखालच्या माणसानें "कोणतें काम?" म्हणून विचारलें, तर त्यासही पुष्कळदां नोलनसारखेंच उत्तर मिळतें. मग तो पुन्हां विचारीत नाहीं; अंदाजानें काम उरकतो.