दिल्ली–टोकियो: अंतर एक, वेळा दोन

दिल्ली ते टोकियो हे सरळ हवाई अंतर साधारण ५,८५० किलोमीटर आहे. कुठेही न थांबणारे विमान तिथे पावणेआठ तासांच्या आसपास पोहोचते. परतताना मात्र त्याला साडेनऊ तास लागतात, हिवाळ्यात कधी त्याहूनही जास्त. मधले पावणेदोन तास जातात कुठे?

ते वाऱ्यात जातात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्याने ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठणे नवलाचे नाही. जाताना हा वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला होता. जगभर वाचला जावा म्हणून १९२६चा अहवाल त्याने एस्पेरान्तो भाषेत छापला, आणि म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही! १९४४मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांचे बॉम्ब याच वाऱ्याने भलतीकडे पडू लागले.

सरळ अंतर तसे नकाशापुरतेच. ती रेषा हिमालय आणि तिबेटवरून जाते. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत उतरावे लागते. तिबेटची जमीनच त्याहून उंच. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. त्यामुळे विमाने सहसा दक्षिणेकडून, म्यानमारच्या बाजूने वळसा घेतात.

आता तिकीट पाहा. समजा, दिल्लीहून रात्री ८ला निघून टोकियोला सकाळी सव्वासातला उतरायचे आहे. हा प्रवास सव्वाअकरा तासांचा वाटतो, असतो पावणेआठचा. परतीला सकाळी ११ ते संध्याकाळी ५, म्हणजे सहा तास दिसतात, प्रत्यक्षात साडेनऊ. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्याचा हा खेळ.

रोज सकाळी आणि रात्री आठला औषध घेणाऱ्यांना तो महागात पडू शकतो. दिल्लीत रात्री आठची गोळी घेतली आणि टोकियोच्या घड्याळाने सकाळी आठची, तर दोन गोळ्यांत साडेआठ तासच पडतात. परतीच्या दिवशी तेच अंतर साडेपंधरा तासांवर जाते. इन्सुलिन किंवा फिटांची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे तास कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवावेत. आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

दुसरा प्रश्न पायांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक इतकाच, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गरोदर स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी तासा-दीड तासाने उठून फिरावे, बसल्याजागी घोटे हलवावेत. खिडकीजवळ बसलेले लोक शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने नऊ-नऊ तास हलत नाहीत. हा संकोच सोडलेला बरा.

गुठळीची लक्षणे उतरल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, किंवा अचानक छातीत दुखून दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठावे आणि तिथे गेल्या गेल्या विमानप्रवास झाल्याचे सांगावे.