उभ्या स्नोमोबाइलचं तेल जातं कुठे?

कॅनडात उन्हाळाभर उभी असलेली स्नोमोबाइल हिवाळ्यात सुरू करताच निळसर धूर ओकते, प्लग तेलाने चिंब निघतो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये तेल साचल्याची ही खूण. तेलटाकी वर, इंजिन खाली. ऑइल पंपाचा चेक व्हॉल्व्ह सैल पडला की तेल थेंबाथेंबाने उतरतं.

निदान सोपं आहे. टाकीवर पातळीची खूण करा, पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या चिमट्याने दाबून काही दिवस थांबा. पातळी टिकली, तर गळती पंपाच्या वाटेची. काही रोटॅक्स इंजिनांत हेच तेल रोटरी व्हॉल्व्हच्या शाफ्टलाही जातं. तिथे पातळी उतरतच राहिली, तर शाफ्टचं सील तपासा.

चिमटे काढल्याशिवाय इंजिन मुळीच सुरू करू नका. तेलाविना पिस्टन जाम होईल.