छायाचित्रात नसलेली पलटण

१९७१ च्या युद्धाचे एक छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. १६ डिसेंबरची दुपार, ढाक्याचे रमणा रेसकोर्स मैदान. जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करीत आहेत, शेजारी जनरल अरोरा बसले आहेत. मागे ॲडमिरल कृष्णन, जनरल सगत सिंग, जनरल जेकब उभे आहेत. ध्वनिक्षेपक धरलेले आकाशवाणीचे सुरजित सेनही त्यात दिसतात. या चित्रातली माणसे इतिहासात गेली.

त्याच युद्धातले दुसरे छायाचित्र हवाई छत्र्यांनी भरलेल्या आभाळाचे. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ आपले जवान उतरले, त्या बातमीबरोबर ते देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. पण ते त्या दिवसाचे नव्हतेच! सेनेचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या जुन्या सरावाचे चित्र दिले होते. सराव अख्ख्या ब्रिगेडचा होता. टांगाईलला उतरली ती एक पलटण आणि तिच्या जोडीच्या तुकड्या. पाहणाऱ्याला मात्र पूर्ण ब्रिगेडच उतरली असे वाटले.

ही पलटण म्हणजे २ पॅरा. १९५२ पूर्वी ती मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी शत्रूची ब्रिगेड अडवण्यासाठी तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. आदल्या रात्री उत्तरेला जमालपूरला लढत होती तीही पहिली मराठा पलटण. म्हणजे शत्रूच्या पुढे मराठे आणि मागेही मराठे. १६ तारखेला सकाळी ढाक्यात सर्वांत आधी २ पॅराचे जवान शिरले. सहीचे टेबल त्यानंतर मांडले गेले.

मराठा पलटणींची भरती पिढ्यान्‌पिढ्या सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून होत आली आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने तर पहिल्या महायुद्धातच ४६ जवान गमावले. अशा घरांच्या भिंतीवर गणवेशातला एखादा फोटो असतोच. आजोबा कुठे लढले, हे मात्र नातवाला सांगता येत नाही.

१९७१ मध्ये विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीत आहेत. मला वाटते, त्यांच्याजवळ बसून एवढे तरी विचारावे: पलटण कोणती, गाव कोणते, शेजारी उभा कोण? आणि ते फोटोच्या मागे लिहून ठेवावे. फोटो टिकतो, नाव लिहिले नाही, तर माणूस त्यातून निघून जातो.